ठणका थांबला, पण दाढ बरी झाली का?

दातांविषयी वाचकांचे प्रश्न आणि फॅमिली डेंटिस्टची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत वारंवार आलं आहे : ‘तसं दुखत काही नाही.’ तोंडातल्या बहुतेक आजारांत दुखणं फार उशिरा येतं, आणि काहींत तर येतच नाही. म्हणून जिथे हा मुद्दा आला तिथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : खालच्या दाढेत चार दिवस भयंकर ठणका होता. रात्र रात्र झोप नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या आणून घेतल्या, लवंगेचं तेलही लावलं. आता अजिबात दुखत नाही. तरी दवाखान्यात जायला हवं का? (एक वाचक, कराड)

उत्तर : हो, आणि याच आठवड्यात.

दाढेच्या आत काय घडलं ते समजून घ्या, म्हणजे घाई का करायची ते पटेल. दाढेचं वरचं कवच, इनॅमल, साधारण दोन मिलिमीटर जाड असतं आणि त्यात नस नसते. कीड त्या थरात असेपर्यंत काहीही जाणवत नाही. त्याखाली डेंटिन. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. कीड तिथवर पोचली की गार पाण्याने किंवा गोडाने कळ येते आणि घोट गिळला की थांबते. या टप्प्यावर आलात तर कीड कोरून सिमेंट भरलं की काम भागतं, तेही बहुतेक वेळा एकाच बैठकीत. त्याच्याही आत, दाढेच्या पोटात, रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गर असतो. जंतू तिथे पोचले की गर सुजतो. पण चहूबाजूंनी टणक भिंती असल्यामुळे सूज पसरायला जागा नसते, आतला दाब वाढत जातो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून ठणका रात्री जास्त. गरम चहाने तो भडकतो, गार पाणी तोंडात धरलं की जरा बरं वाटतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं दुखणं याच जातीचं दिसतं.

असा सुजलेला गर काही दिवसांत मरतो, आणि मेलेली नस दुखत नाही. म्हणजे तुमचं दुखणं गोळ्यांनी बरं झालं असण्यापेक्षा दुखणारी नसच उरली नाही, ही शक्यता मोठी आहे. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं आणि मेलेल्या गरात रक्त जात नाही, त्यामुळे आतले जंतू तसेच राहतात. पुढे ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. घास चावताना ती दाढ बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते, ती फुटते, तोंडात खारट चव येते, पुन्हा भरते. पू बाहेर पडायला वाट असते तोवर दुखत नाही. वाट बंद झाली की एका रात्रीत गाल सुजतो.

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळायला त्रास व्हायला लागला, तोंड उघडेना, ताप आला किंवा सुजेने डोळा मिटायला लागला, तर दातांच्या दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नका. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. गळ्याच्या सुजेने श्वास कोंडू शकतो.

लवंगेच्या तेलाबद्दल. त्यातल्या युजेनॉलमुळे नस बधिर होते, हे खरं आहे. पण तेल खड्ड्यातच जायला हवं. कापसाचा मुगाएवढा गोळा करा, त्यावर एकच थेंब टाका, तो पिळून घ्या आणि चिमट्याने खड्ड्यात ठेवा. हिरडीवर किंवा गालाला तेल लागलं तर तिथली कातडी पोळते, पांढरी पडून सोलते. दुखण्याची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवणंही असंच, विशेषतः अ‍ॅस्पिरिन. गोळी गिळायचीच असते. यकृताचा आजार नसलेल्या प्रौढ माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम सहा तासांच्या अंतराने घेऊन एक-दोन दिवस निभावता येतं, तेही डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतच.

प्रश्न : रूट कॅनालला तीन वेळा बोलावलं, आणि आता वर कॅप घाला म्हणतात. दाढ दुखत नाही, मग कॅपचा खर्च कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तीन फेऱ्यांत नेमकं काय झालं, ते आधी पाहू.

पहिल्यांदा एक्स-रे काढून मुळं किती, कशी वळली आहेत आणि हाडात जंतूंची जागा किती झाली आहे ते बघतात. भूल देऊन दाढेच्या माथ्यावर वाट पाडतात, गर काढतात. मग प्रत्येक मुळाच्या पोकळीत फाइल नावाच्या सुया उतरवतात. सुरुवातीच्या दहा नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण डोक्याच्या एका केसाएवढं. एवढ्या बारीक वाटेने मुळाच्या टोकापर्यंत जायचं, पण टोकाबाहेर जायचं नाही, म्हणून लांबी मोजण्याचं विजेचं उपकरण वापरतात. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा तीन पोकळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी असतेच असं धरून शोधावं लागतं, कारण ती सुटली तर तिथेच जंतू राहतात आणि वर्ष-दोन वर्षांनी दाढ पुन्हा उठते. फाइल घासते तेवढंच साफ होतं, कोपरे राहतात. ते धुण्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, आपलं ब्लीचिंगचं द्रावण असतं तेच, मोजून पातळ केलेलं. ते घशात जाऊ नये आणि लाळ दाढेत येऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. तुमच्याकडे तो लावत नसतील तर जरूर विचारा. पू झालेला असेल तर आत औषध ठेवून आठवडाभर थांबतात. सगळं कोरडं झालं की गुट्टा-पर्चा भरतात. हा एका झाडाच्या चिकापासून होणारा, रबरासारखा पदार्थ. काम झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखतं. त्याने घाबरू नका. दुखणं वाढत गेलं तर मात्र दाखवा.

आता कॅप. किडीने आणि उपचाराच्या वाटेने दाढेचं पोट पोकळ झालेलं असतं, चार भिंती तेवढ्या उभ्या असतात. आपण मागच्या दाढांनी भाकरीचा कडक पापुद्रा, चणे, सुपारी, मटणाचं हाड चावतो, तेव्हा त्या भिंती बाहेरच्या बाजूला फाकतात. एक दिवस दाढ उभी चिरते, चीर मुळापर्यंत जाते, आणि मग ती काढण्यावाचून इलाज राहत नाही. कॅप भिंतींना बाहेरून पट्ट्यासारखी बांधून धरते. म्हणून मागच्या दाढांना कॅप बहुतेक वेळा हवीच, आणि महिन्याभरात बसवलेली बरी. पुढच्या दातावर एवढा भार येत नाही. दाताचा बराच भाग शाबूत असेल तर नुसतं सिमेंट चालतं. खर्च अडत असेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मागच्या दाढेला पूर्ण धातूची कॅप स्वस्त पडते, दाढही कमी घासावी लागते आणि वर्षानुवर्षं टिकते. रंग दातासारखा नसतो, पण तिथे पाहणार कोण?

प्रश्न : दातांवर किटण फार साचलंय. पण साफ करून घेतलं की दात हलायला लागतात, फटी पडतात, असं सगळे सांगतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : सांगणाऱ्यांना फट दिसली ते खरं आहे. तिचं कारण मात्र त्यांनी उलटं लावलं आहे.

ब्रश नीट न फिरलेल्या जागी जंतूंचा चिकट थर बसतो. लाळेतल्या क्षारांनी तो काही दिवसांत दगडासारखा होतो, म्हणजेच किटण. सगळ्यात आधी ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला येतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. आरशासमोर जीभ वर उचलून पाहिलंत तर पिवळा पट्टा दिसेल. किटण हिरडीखाली सरकतं, हिरडी सुजून खाली उतरते, त्यामागचं हाड झिजतं. दाताला धरून ठेवणारं हाड गेलेलं असतं, पण मधल्या जागेत किटण ठासून भरल्यामुळे दात घट्ट वाटतो आणि फट दिसत नाही. किटण निघालं की खरी परिस्थिती उघडी पडते. साफ करणारं यंत्र कंपनाने किटण फोडतं, धारदार टोकाने कोरत नाही. त्याने इनॅमल जात नाही.

साफ केल्यावर आठवडाभर गार पाणी झोंबेल, कारण झाकलेली मुळं मोकळी झालेली असतात. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट दोन ते चार आठवडे वापरा. हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश टाळू नका, नेमकी तीच जागा ब्रश मागते आहे. दर सहा महिन्यांनी दाखवा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर चुकवूच नये : साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो.

प्रश्न : ब्रश करण्याची बरोबर पद्धत कोणती? मीठ, कोळसा, राखुंडी चालेल का? (दोन वाचक, कोल्हापूर आणि डोंबिवली)

उत्तर : मऊ केसांचा ब्रश घ्या. तो निम्मा दातावर आणि निम्मा हिरडीच्या कडेवर टेकवा, केस हिरडीकडे तिरके. जागच्या जागी थरथरल्यासारखा थोडासा हलवा, मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्या : वरच्या दातांना खाली, खालच्यांना वर. एका वेळी दोन-तीनच दात येतात. बाहेरची बाजू झाली की आतली, मग चावायची, शेवटी जीभ. एवढं करायला दोन मिनिटं लागतात, आणि घड्याळ लावून पाहिलंत तर दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल. जोरात आडवं घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीलगत खाच पडते, बोटाच्या नखाला ती लागते. सहसा उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या सुळ्यापाशी ती जास्त खोल असते.

पेस्टच्या नळीवर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलं आहे का पाहा. आपल्याकडे यापेक्षा जास्त घालायला परवानगी नाही. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर राहिलं तरच त्याचा उपयोग. पहिले काही दिवस चमत्कारिक वाटेल, मग सवय होते. सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी घाईत झाला तर चालून जाईल, रात्रीचा चुकवू नका : झोपेत लाळ फार कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. ब्रशने दोन दातांमधली जागा साफ होत नाही, तिथे दोरा किंवा छोटा फटीतला ब्रश लागतो. टूथपिक नको. लिंबू, चिंच, कोकम सरबत, संत्रं यांनंतर दात आंबलेले असतात, म्हणजे वरचा थर आम्लाने मऊ झालेला असतो. अर्धा तास ब्रश लावू नका.

मीठ, विटेची पूड, कोळसा, राखुंडी : सगळं खरखरीत. दात आधी पांढरे दिसतात, कारण वरचा थर घासला जातो. तो पातळ झाला की खालचं पिवळं डेंटिन डोकावतं, आणि तो थर पुन्हा येत नाही.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. अगदी मागच्या दाढेला काळा डाग आहे. दुधाचीच दाढ आहे, पडेल तेव्हा पडेल, असं घरातले म्हणतात. (एक आई, पुणे)

उत्तर : आज रात्री मुलीला उजेडात बसवून मोजा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला सुरुवात करा. चौथ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या दाढा दुधाच्या. सहावी दाढ असेल तर ती कायमची आहे. ती साठ-सत्तर वर्षं टिकायची आहे आणि तिच्यामागे दुसरी येणार नाही.

ही सहाव्या वर्षीची दाढ येताना आधीचा कोणताही दात पडत नाही, ती गुपचूप शेवटच्या दुधाच्या दाढेमागे उगवते. म्हणून आईवडिलांना ती दुधाची वाटते. माथ्यावर खोल खाचा, मुलांचा ब्रश तिथवर पोचत नाही, आणि ती उगवून पुरती वर यायच्या आतच किडते. डाग फक्त खाचेत असेल तर साफ करून सिमेंट भरता येतं. बाकीच्या तीन बाजूंच्या दाढा चांगल्या असतील तर त्यांच्या खाचांवर सीलंटचा पातळ थर बसवून घ्या. भूल लागत नाही, टोचावं लागत नाही, एकेका दाढेला काही मिनिटांचं काम.

आणि समजा ती पाचवी, दुधाचीच निघाली? ती दहा ते बारा वर्षांपर्यंत पडत नाही. म्हणजे अजून चार-सहा वर्षं त्याच दाढेने जेवायचं आहे. शिवाय ती खालच्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवते. लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, येणारा दात अडकतो किंवा वेडावाकडा येतो, आणि पुढे तारा लावाव्या लागतात. दुधाच्या दाढेतली कीड आत उतरते तीही मोठ्यांच्या दाढेपेक्षा लवकर, कारण तिचं कवच पातळ असतं.

पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांची होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्हीच करा, तिला मांडीवर पाठमोरी बसवून, डोकं तुमच्या छातीला टेकवून. आत सगळं दिसतं. गोडाचं म्हणाल तर जेवणाबरोबर दोन मोदक खाल्ले तर फार बिघडत नाही. दर तासाला एक बिस्किट, एक टॉफी हे वाईट. प्रत्येक वेळी तोंडात अर्धा ते एक तास आम्ल राहतं, आणि लाळेला डागडुजी करायला सवडच मिळत नाही.

प्रश्न : क्रिकेट खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट पडला. आम्ही तो कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. बसला नाही. काय करायला हवं होतं? (एक वडील, सोलापूर)

उत्तर : तुम्ही दात जपून नेलात, पण तो कोरडा झाला. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत अर्ध्या तासात मरायला लागतात, आणि दात रुजतो तो त्यांच्यामुळेच. यात तुमचा दोष नाही, ही गोष्ट कुणी सांगतच नाही. म्हणून इतर पालकांसाठी लिहितो.

दात चमकत्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात दहा सेकंद हलवा. घासू नका, साबण नको. कायमचा दात असेल तर लगेच पुन्हा खाचेत बसवा, पुढची बाजू पुढे येईल असा, आणि रुमाल दाताखाली चावून धरायला सांगा. जमत नसेल तर गार दुधाच्या पेल्यात बुडवा. थंड पिशवीतलं दूध चालतं. पाण्यात ठेवू नका, पाण्याने पेशी फुगून फुटतात. तासाभरात डेंटिस्ट गाठा. तो शेजारच्या दातांना तारेने साधारण दोन आठवडे बांधतो, आणि पूर्ण वाढलेल्या दाताला बहुधा रूट कॅनाल लागतं. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. मधुमेह आहे, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. वरची दाढ काढायची आहे. गोळी आधी बंद करावी का? आणि वरचा दात काढल्याने नजर कमी होते का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना एखादी दाढ काढता येते. रक्त थोडा जास्त वेळ येतं, ते दाबून आणि टाका घालून थांबवता येतं. गोळी बंद केल्याने हृदयात गुठळी झाली तर ती थांबवणं आमच्या हातात नसतं. वॉरफेरिन किंवा असेनोकुमेरॉल असेल तर अलीकडची आयएनआर तपासणी हवी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, नावं पाठ असायची गरज नाही. हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल तर ते मुद्दाम सांगा, कारण त्या औषधांनी दाढ काढलेल्या जागी हाड भरून यायला फार वेळ लागू शकतो.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी घेऊनच या. उपाशी येऊन साखर उतरते आणि खुर्चीतच चक्कर येते.

दाढ काढल्यावर बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, सारखा उघडून बघायचा नाही. पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, बिडी-सिगारेट तर नाहीच. खाचेत रक्ताची गुठळी बसते आणि जखम तिच्याखाली भरते. ओढ बसून ती निसटली की हाड उघडं पडतं, आणि तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. तसं झालं तर गोळ्या वाढवू नका, परत या. औषधाची पट्टी ठेवली की बऱ्याचदा तासाभरात आराम पडतो. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर, तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं.

नजरेचं म्हणाल तर दातांची संवेदना मेंदूच्या पाचव्या नसेतून जाते आणि दृष्टी दुसऱ्या नसेतून. दोन्हींचा संबंध नाही. वरचे दात साठीच्या आसपास काढावे लागतात आणि मोतीबिंदूही त्याच वयात येतो, म्हणून ही समजूत पडली असावी.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात बहुतेक मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे आहेत. घासून जात नाहीत. (एक शिक्षिका)

उत्तर : ते बोअरच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडचे असू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांत ही अडचण जुनी आहे. दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पट्टे पडतात. नंतर घासून काही होत नाही. गावाच्या पाण्याची तपासणी करून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं तर पिण्याचं पाणी बदलायलाच हवं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. मोठेपणी डाग फिकट करता येतात किंवा झाकता येतात. पण शाळेच्या पाण्याकडे आधी बघा.

प्रश्न : सासूबाई तीस वर्षं मशेरी लावतात. दात दुखत नाहीत, किडलेलेही नाहीत. मशेरीनेच दात टिकले आणि ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्या म्हणतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती हिरडीवर चोळली की निकोटीन तिथून थेट रक्तात जातं, हिरडी बधिर होते, म्हणून दुखत नाही. पोटाचंही खरं आहे : निकोटीनने आतडं हलतं, आणि तीस वर्षांत शरीर त्यावर अवलंबून झालेलं असतं. म्हणून त्यांना खोटं पाडू नका, रागावूही नका. त्यांना व्यसन आहे, आणि ते मंजन म्हणून हातात आलं. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरी भाजलेल्या मशेरीला तो नियम पोचत नाही.

त्यांना दिवसाच्या उजेडात आरसा देऊन बसवा. खालचा ओठ पुढे ओढा आणि ओठ व हिरडीमधली खोबण बघा, मशेरी तिथेच साचते. मग दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, सुरकुतलेली जाड कातडी, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, घट्ट गाठ : यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. यातलं काहीच सुरुवातीला दुखत नाही. दुखायला लागतं तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

सोडताना पहिले तीन-चार दिवस कठीण जातात : चिडचिड, डोकं दुखणं, पोट न होणं. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, लागलं तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. मशेरीच्या वेळेला हातात ब्रश आणि पेस्ट द्या, मधल्या वेळी तोंडात बडीशेप किंवा धनाडाळ. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ हा मोफत आहे. घरात कुणी गरोदर असेल आणि मशेरी लावत असेल तर हे आजच सुरू करा. बाळाचं वजन कमी भरतं.

प्रश्न : कवळी रात्री काढावी का? टूथपेस्टने घासली तर चालते ना? (एक आजोबा, मिरज)

उत्तर : रात्री काढाच. हिरड्यांना आठेक तास मोकळी हवा हवी, नाहीतर कवळीखाली टाळू लाल होते, बुरशी धरते. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. साधा साबण, मऊ ब्रश, साधं पाणी. खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवून धुवा, हातातून सटकली तर फुटणार नाही. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. रात्री पेलाभर पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी ठेवू नका. सैल झाली तर बाजारातली पावडर लावत राहण्यापेक्षा आतून अस्तर बसवून घ्या. दात गेल्यावर हाड झिजत राहतं, कवळी तीच राहते.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा. तिखट सोसत नाही, ठेचा खाल्ला की तोंडाची आग होते. तंबाखू खात नाही, फक्त सुगंधी सुपारी. दुखत काही नाही. (एक वडील, जळगाव)

उत्तर : त्याला स्वतःच्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज जायला हवीत. दोनच गेली तर तोंड आखडायला लागलं आहे. गालाच्या आत बोट फिरवा : मऊ ओलसर लागण्याऐवजी ताणलेली दोरी लागते का? आतली कातडी गुलाबीऐवजी पांढुरकी, संगमरवरासारखी दिसते का?

हा सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतल्या द्रव्यांनी कातडीखाली तंतू साचत जातात, तोंडाचा लवचिकपणा जातो. तंबाखू नसली तरी होतो. सुपारी स्वतःच कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साध्या सुपारीच्या पुड्या दुकानात टांगलेल्या असतात आणि मुलांना ती मुखशुद्धी वाटते. साचलेले तंतू पूर्ण जात नाहीत. सुपारी आज थांबली तर ते तिथेच रोखता येतं, व्यायामाने आणि औषधाने तोंड थोडं मोकळंही होतं. चालू राहिली तर पुढे घास जाणार नाही, आणि तपासायला आमचा आरसाही जाणार नाही.

या आठवड्यात त्याला डेंटिस्टकडे किंवा जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात न्या. तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजून केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे तीन महिन्यांनी वाढलं की घटलं ते कळेल.